केप कॉडचं छप्पर, राइटची जमीन

१ ऑक्टोबर १९४७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, कालपरवापर्यंत बटाटा पिकत असलेल्या जमिनीवर, काही कुटुंबं नव्या घरांत राहायला आली. घर पंचवीस फूट बाय तीस फूट, म्हणजे ७५० चौरस फूट. पुढच्या बाजूला बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, मागे निजायच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर. मधोमध वर जाणारा जिना, आणि वर अर्धवट सोडलेला पोटमाळा. तळघर नाही, गॅरेज नाही, फायरप्लेस नाही. भाडं महिना ६० डॉलर. बाहेरून पाहिलं तर दुपाखी उतरतं छप्पर, पुढे दार आणि खिडक्या. लहान पोराच्या हाती खडू देऊन ‘घर काढ’ म्हटलं की ते पाटीवर जे काढतं, तेच हे.

ही वसाहत म्हणजे लेव्हिटटाउन. १९५१ पर्यंत तिथे १७,४४७ घरं उभी राहिली, आणि अमेरिकेतल्या युद्धोत्तर उपनगराची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करायची असा प्रघात पडला. त्या गोष्टीत हे घर कारखान्यातून निघालेल्या मालासारखं येतं: युद्ध संपलं, सैनिक परतले, लेव्हिट नावाचा बिल्डर आला आणि धडाधड घरं पाडत सुटला. खोटं काही नाही त्यात. पण घर एका दिवसात जन्माला येत नाही. या एवढ्याशा घराचं छप्पर एका घराण्यातलं, जमीन दुसऱ्या, भिंती तिसऱ्या. आणि खोल्यांची मापं तर भलत्याच कचेरीतून आलेली. वंशावळ मांडत गेलं की जे हाती लागतं ते आधीच सांगून टाकतो. या घराचा खरा जन्मदाता वास्तुविशारद नव्हे आणि बिल्डरही नव्हे. तो मान कर्जाचा विमा उतरवणाऱ्या एका सरकारी खात्याकडे जातो.

आधी छप्पर पाहू, कारण ते सगळ्यांत जुनं.

सतराव्या शतकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या लोकांनी गावाकडची दोन खोल्यांची बैठी घरं सोबत आणली, म्हणजे डोक्यात आणली. अटलांटिकच्या किनाऱ्यावर, विशेषतः समुद्रात हात वाकवून धरल्यासारख्या पसरलेल्या केप कॉड नावाच्या भूशिरावर, वाऱ्याने त्या घरांना आणखी ठेंगणं केलं. वळचण इतकी खाली की हात वर केला की लागावी. छपराला चांगला उतार, त्यामुळे बर्फ टिकत नाही. घराच्या पोटात एकच जाडजूड धुराडं, आणि सगळ्या शेकोट्या त्यालाच जोडलेल्या. भिंतींना आणि छपराला लाकडाची पातळ कौलं, खाऱ्या हवेत ती करडी पडत जातात. येल कॉलेजचे अध्यक्ष टिमथी ड्वाइट १८०० साली त्या भागात फिरले, तेव्हा त्यांना ही घरं इतकी एकसारखी दिसली की त्यांनी प्रवासवर्णनात ‘केप कॉड घरं’ असा त्यांचा वेगळा वर्गच नोंदवला. अमेरिकन उपनगरातली सगळी घरं एकसारखी, ही तक्रार १९५० नंतरची मानतात. ती करायला ड्वाइटसाहेबांना दीडशे वर्षं आधीच जागा होती, पण त्यांनी केली नाही.

या घरांत एक सोय होती. दाराच्या एकाच बाजूला दोन खिडक्या असतील तर ते अर्धं घर. दुसऱ्या बाजूला एक खिडकी आली की पाऊण, दोन आल्या की पूर्ण. प्रत्येक अर्धं घर पुढे पूर्ण झालंच असं नाही. काही अर्धीच राहिली, काही सुरुवातीलाच पूर्ण बांधली गेली. पण बेतातच वाढीला जागा होती, आणि वर पोटमाळा होताच. ही सोय लक्षात ठेवायची. पुढे ती परत भेटणार आहे.

एकोणिसाव्या शतकात शहरं श्रीमंत झाली आणि हे कोळी-शेतकऱ्यांचं घर मागे पडलं. मग १८७६ साली फिलाडेल्फियाला स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि अमेरिकेला आपल्या वसाहतकाळाचं प्रेम आलं. पुढची पन्नास वर्षं ते ओसरलं नाही. १९२६ नंतर रॉकफेलरच्या पैशाने व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग हे अख्खं जुनं गाव पुन्हा उभं करायला घेतलं, तेव्हा तर ते राष्ट्रीय खूळच झालं. जुन्या वळणाच्या नव्या घरांना गिऱ्हाईक होतं. मात्र मोठ्या घरांना.

मंदी आली आणि मोठ्या घरांचं गिऱ्हाईक संपलं. बॉस्टनचे रॉयल बॅरी विल्स याच काळात पुढे आले. हा माणूस एमआयटीत शिकलेला, हाताने सुरेख रेखाटणारा, आणि आपल्या मालाची जाहिरात कशी करावी हे उत्तम जाणणारा. वर्तमानपत्रात तो छोट्या घरांची रेखाटनं छापून आणत असे. ठेंगणं छप्पर, रुंद धुराडं, कुंपणाशी फुलझाडं, आणि आत मात्र आधुनिक स्वयंपाकघर आणि मोटारीला जागा. १९३२ साली छोट्या घराच्या आराखड्याबद्दल त्याला राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या हस्ते सुवर्णपदक मिळालं. वास्तुकलेच्या इतिहासाची जाड पुस्तकं विल्सला फारशी जागा देत नाहीत. देशभर लोक त्याच्या पुस्तकांतली पानं फाडून सुताराकडे नेत होते, हे त्या पुस्तकांच्या लेखकांना बहुधा कमीपणाचं वाटत असावं.

१९३८ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने एक गंमत केली. वेगवेगळ्या उत्पन्नाची चार कुटुंबं निवडली, आणि प्रत्येकासाठी एक पारंपरिक आणि एक आधुनिक असे दोन आराखडे नामवंतांकडून करून घेतले. मिनिआपोलिसच्या एका कुटुंबासमोर दोन कागद आले: एक फ्रँक लॉइड राइटचा, एक विल्सचा. राइट म्हणजे त्या वेळचा अमेरिकेतला सगळ्यांत मोठा वास्तुविशारद, आणि हे कुणी विसरू नये याची काळजी तो स्वतःच घेत असे. त्या कुटुंबाने विल्सचं घर निवडलं आणि बांधलं. राइटचा आराखडा पुढे विस्कॉन्सिनमधल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी उभा राहिला.

इथे राइट हरला असं वाटतं. नऊ वर्षांनी बटाट्याच्या शेतात तो कुठल्या वाटेने परत आला ते पुढे येईलच.

मराठी वाचकाच्या मनात इथे बंगला येणार. बंगालातलं बैठं घर इंग्रजांच्या हातून जगभर गेलं आणि १९०५ ते १९३० या पंचवीस वर्षांत अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया आणि शिकागोकडे, मध्यमवर्गाचं घर म्हणून खपलं. सिअर्स रोबक ही टपालाने माल विकणारी कंपनी तर १९०८ पासून घराचे सुटे भागच रेल्वेने पाठवत असे, आणि त्यांत बंगले भरपूर होते. पण तिसाव्या दशकात बंगला जुनाट दिसू लागला. युद्धोत्तर घराने त्याच्याकडून आटोपशीरपणा घेतला. व्हरांडा मात्र टाकून दिला. बंगल्यापाशी आपण थोडं भावुक होतो, म्हणून सांगतो: या घराशी त्याचं नातं लांबच्या चुलत्याचं आहे, त्यापलीकडे ओढू नये.

आता त्या कचेरीकडे.

मंदीपूर्वी अमेरिकेत घरासाठी कर्ज घेणं जिवावरचं काम होतं. बँक साधारण निम्मी किंमत देणार, मुदत तीन ते पाच वर्षं, आणि मुदतीअखेर मुद्दल एकरकमी भरायचं. नाही जमलं तर पुन्हा नवं कर्ज. १९२९ नंतर नवं कर्ज देणारंच कुणी उरलं नाही. १९३३ च्या वसंतात दिवसाला हजाराच्या आसपास घरं जप्त होत होती. जून १९३४ मध्ये नॅशनल हाउसिंग ॲक्ट झाला आणि त्यातून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, सगळे एफएचए म्हणतात ते खातं, जन्माला आलं. या खात्याने स्वतः एकही घर बांधलं नाही आणि कुणाला एक डॉलरही उसना दिला नाही. त्याने बँकेला एवढंच सांगितलं: घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, वीस वर्षांच्या समान हप्त्यांनी कर्ज द्या, बुडालं तर आम्ही भरू. १९३८ मध्ये लहान घरांसाठी हे प्रमाण ९० टक्के आणि मुदत पंचवीस वर्षं झाली.

बँकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण वीस वर्षांची हमी घ्यायची तर घर वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि मधेच विकायची वेळ आली तर त्याला गिऱ्हाईक मिळालं पाहिजे. म्हणून खात्याने घराची तपासणी सुरू केली, मग तपासणीचे निकष छापले, आणि निकष छापले की बिल्डर त्यांनाच आराखडा मानू लागतात, तसं झालं. १९३६ च्या लहान घरांच्या आखणीवरल्या पुस्तिकेत सगळ्यांत साधं घर ५३४ चौरस फुटांचं आहे. बैठकीची एक खोली, स्वयंपाकघर, दोन निजायच्या खोल्या, कपाटं, न्हाणी. तळघर गाळलं, त्यातली भट्टी एका कोनाड्यात आणून ठेवली. येण्याजाण्यात वाया जाणारी जागा काटली. पुढची सुधारित आवृत्ती १९४० ची. तिच्यात एकाच मूळ आराखड्यातून कशी वेगवेगळी घरं करता येतील आणि पुढे खोल्या कुठे जोडता येतील याचा विचार आला. केप कॉडच्या कोळ्यांना जे वाऱ्यापावसाने शिकवलं होतं, ते आता कारकुनाच्या तक्त्यात उतरलं.

कारकुनाला आणखी एक गोष्ट हवी होती: घर चारचौघांसारखं दिसलं पाहिजे. सपाट छपराच्या, काचेच्या भिंतींच्या ‘मॉडर्न’ घराला कमी गुण, कारण ते उद्या कुणी घेईल न घेईल. जुन्या वळणाच्या छपराला अशी शंका नाही. विल्सच्या लोकप्रियतेवर सरकारी शिक्का बसला तो असा. लोकांना केप कॉड आवडत होतं यात वाद नाही. पण आवडीला पंचवीस वर्षांचा हप्ता जोडला गेला की तिची सवय होते, आणि पुढच्या पिढीला दुसरं काही आवडायला वावच उरत नाही.

राइटला या खात्याचा अनुभव फार कडू आला. १९३७ मध्ये त्याने विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला एका पत्रकाराच्या कुटुंबासाठी घर बांधलं. जेकब्स हाउस या नावाने ते प्रसिद्ध आहे. खर्च साधारण साडेपाच हजार डॉलर. जोतं आणि पूर्ण तळघर नाही. जमिनीवर वाळूखडीचा थर, त्यात गरम पाण्याचे नळ, आणि वर थेट काँक्रीटची लादी. सगळी जमीनच ऊब देते. गॅरेजऐवजी नुसतं छप्पर, त्याला त्याने कारपोर्ट म्हटलं. रस्त्याकडे पाठ, मागच्या बागेकडे तोंड. ही ऊब देणारी जमीन त्याला सुचली कशी, ते त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. टोकियोत इम्पीरिअल हॉटेलच्या कामावर असताना एका हिवाळ्यात तो बॅरन ओकुरा यांच्या घरी जेवायला गेला. दिवाणखान्यात थंडीने कुडकुडत जेवण झालं, आणि मग यजमानांनी पाहुण्यांना एका ‘कोरियन खोलीत’ नेलं. तिथे शेगडी दिसेना, पण पायाखालून ऊब येत होती. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळीतून फिरवून खोली तापवायची पद्धत आहे, तिला ओंडोल म्हणतात. थंडीतल्या त्या एका जेवणाची आठवण राइटने वीसेक वर्षं जपली.

१९३९ च्या सुमाराला मिशिगनमधल्या एका कॉलेजातल्या काही शिक्षकांनी मिळून राइटकडून अशी सात घरं करून घ्यायचं ठरवलं. कर्जविम्यासाठी अर्ज एफएचएकडे गेला आणि नामंजूर झाला. कारणं नोंदली गेली आहेत: या भिंती छप्पर पेलणार नाहीत, जमिनीतून ऊब देणं व्यवहार्य नाही, आणि घराचं विचित्र रूप पाहता पुढे ते विकलं जाईल याची खात्री नाही. सातांपैकी शेवटी एकच घर बांधलं गेलं. ते आजही उभं आहे.

या नकारानंतर आठ वर्षांनी त्याच खात्याने लाँग आयलंडवरच्या हजारो घरांना पाठबळ दिलं, आणि त्या प्रत्येक घराची लादी आतल्या तांब्याच्या नळ्यांनी तापत होती. फरक एवढाच की लादीवर आता केप कॉडचं छप्पर होतं.

हा योगायोग नव्हता. त्यामागे आल्फ्रेड लेव्हिट होता. अब्राहम लेव्हिट वकील, त्याचे दोन मुलगे विल्यम आणि आल्फ्रेड. विल्यम बोलका, विकणारा. जुलै १९५० मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आला तो हाच, आणि इतिहासात नावही त्याचंच राहिलं. आल्फ्रेड आराखडे काढणारा, वास्तुकलेचं रीतसर शिक्षण न घेतलेला. १९३७ मध्ये लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेकला राइट रेबुन कुटुंबाचं घर बांधत होता. आल्फ्रेडने धंद्यातून रजा घेतली आणि काही महिने त्या कामावर नुसता बघत राहिला. युद्धोत्तर उपनगराच्या इतिहासात मला हा काळ विल्यमच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. त्या वेळी लेव्हिट मंडळी श्रीमंतांसाठी ट्यूडर आणि कलोनिअल वळणाची घरं बांधत होती. आल्फ्रेड तिथे जे शिकला ते वापरायला अजून दहा वर्षं होती.

मधे युद्ध आलं. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला नौदलाच्या कामगारांसाठी घाईने शेकडो घरं बांधायचं कंत्राट लेव्हिटना मिळालं. घर एका जागी आणि कामगार त्याच्याभोवती, ही जुनी रीत तिथे मोडली. घराची कामं तुकड्यांत वाटली आणि एकेक टोळी आपलं एकच काम करत घरामागून घर पुढे सरकू लागली. लेव्हिटटाउनपर्यंत या तुकड्यांची संख्या सत्तावीसवर गेली. एक टोळी लादी ओतणार, एक सांगाडा उभारणार. रंगाऱ्यांतसुद्धा पांढरा लावणारा वेगळा, हिरवा लावणारा वेगळा. ऐन भरात दिवसाला तीसहून जास्त घरं तयार होत.

हे शक्य झालं ते भिंतींमुळे, आणि भिंतींचं कूळ शिकागोचं. १८३० च्या दशकात तिथे जाड तुळया आणि खाचासांधे यांची सुतारकी सोडून, करवतीच्या गिरणीत कापलेल्या बारीक फळ्या खिळ्यांनी ठोकून सांगाडा उभा करायची युक्ती निघाली. तिला थट्टेने फुग्याचा सांगाडा म्हणत. खिळे यंत्रावर बनू लागल्याने स्वस्त झाले होते. आतून ओल्या गिलाव्याऐवजी जिप्समचे कोरडे तक्ते बसवणं विसाव्या शतकातलं. गिलावा वाळायची वाट पाहायला युद्धात कुणाला वेळ नव्हता, तेव्हा ते रूढ झालं. या दोन गोष्टी जमल्या की घर बांधायला कसलेला सुतार लागत नाही. लेव्हिटनी संघटित कामगार दूर ठेवले, लाकडासाठी कॅलिफोर्नियात स्वतःचं जंगल घेतलं, खिळे स्वतः पाडले. याला कल्पकता म्हणा की कामगारांची मान मुरगळणं. दोन्ही खरं आहे.

गिऱ्हाईक किती टेकीला आलं होतं हे आकड्यांवरून कळतं. १९४४ मध्ये अख्ख्या अमेरिकेत एका कुटुंबासाठीची १,१४,००० घरं सुरू झाली होती. १९५० मध्ये १६,९२,०००. मधल्या वर्षांत शिकागोत जुन्या ट्रामगाड्यांचे २५० डबे राहायला म्हणून विकले गेले. १९४४ च्या कायद्याने सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज मिळू लागलं आणि आगाऊ रकमेची अटही जवळजवळ गेली. हमी होती, कागद होता, घर नव्हतं.

७ मे १९४७ रोजी लेव्हिटनी दोन हजार भाड्याची घरं जाहीर केली. जमीन मिळाली ती बटाट्याला लागलेल्या एका सूत्रकृमीमुळे. १९४१ मध्ये हिक्सव्हिलजवळ ती कीड सापडली आणि शेतकरी विकायला तयार होऊ लागले. अडचण उरली तळघराची. हेम्पस्टेड गावाच्या बांधकाम नियमात प्रत्येक घराला तळघर सक्तीचं होतं. तळघर खणायचं तर खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर. ‘न्यूजडे’ या दैनिकाने लेव्हिटच्या बाजूने रान उठवलं, आणि २७ मेच्या सुनावणीला सैनिक आणि त्यांच्या बायका शेकड्यांनी हजर राहिल्या. नियम त्याच दिवशी बदलला. मॅडिसनमध्ये राइटने जे सौंदर्यासाठी आणि काटकसरीसाठी केलं होतं, ते हेम्पस्टेडमध्ये गर्दीच्या रेट्याने कायदेशीर झालं.

त्या लादीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पहिली काही वर्षं पाय ऊबदार राहिले. मग तांब्याच्या नळ्या ठिकठिकाणी गळू लागल्या. काँक्रीटच्या पोटातला गळका नळ दुरुस्त करायचा म्हणजे जमीन फोडायची. पुष्कळांनी नळ्यांचा नाद सोडला आणि भिंतीच्या कडेने हीटर बसवले. कोरियात शतकानुशतकं चाललेली पद्धत अमेरिकेत एक पिढीही पुरती टिकली नाही.

१९४९ मध्ये घरं भाड्याने देणं थांबलं आणि विक्री सुरू झाली. नवं मॉडेल आलं, ‘रँच’. ३२ बाय २५ फूट, किंमत ७,९९० डॉलर. मार्चमधल्या एका दिवसात १,४०० करार झाले. बाहेरचं छप्पर अजून ओळखीचंच, पण आत आल्फ्रेडने हात मोकळा सोडला. स्वयंपाकघर रस्त्याकडे आलं, बैठकीची खोली मागे गेली, आणि तिला मागच्या अंगणाकडे मोठी काच मिळाली. दोन्हींच्या मधे तिन्ही बाजूंनी दिसणारी शेकोटी. पुढच्या वर्षी कारपोर्टही आला, आणि जिन्याच्या भिंतीत टीव्ही बसवून मिळू लागला. रेबुन घराच्या कामावर बघत बसलेल्या माणसाने इतकी वर्षं जपलेलं सगळं यात होतं. ‘लाइफ’च्या स्पर्धेत मागे पडलेला राइट आता आठशे चौरस फुटांत, विल्सच्या छपराखाली, विनानाव नांदू लागला. त्याला हे कळलं असतं तर तो संतापला असता, यात मला शंका नाही.

टीकाकारांनी याकडे पाहिलं नाही. लुइस मम्फर्ड यांच्यासारख्या मोठ्या माणसाने या वसाहतींतल्या एकसुरीपणावर कोरडे ओढले, आणि साठच्या दशकात ‘लिटल बॉक्सेस’ या गाण्याने (ते सुचलं कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीच्या टेकड्या पाहून) हाच शिक्का कायमचा केला. १९४८ च्या छायाचित्रांत वसाहत खरोखरच भयाण दिसते: झाडं काठीएवढी, घरं एका ओळीत. पण पोटमाळा रिकामा सोडला होता तो काही उगीच नव्हे. दहा वर्षांच्या आत तिथे खोल्या झाल्या, छपरातून खिडक्या बाहेर आल्या, मागे स्वयंपाकघर वाढलं, बाजूला गॅरेज चिकटलं. बार्बरा केली यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात या वाढींचाच अभ्यास केला आहे. लेव्हिटने हिरवळ दर आठवड्याला कापा, कुंपण घालू नका, सुटीच्या दिवशी कपडे वाळत टाकू नका असे नियम घातले होते. घर कसं वाढवायचं यावर मात्र रहिवाशांनी कुणाचं ऐकलं नाही. आज मूळ रूपातलं घर तिथे शोधूनही मिळणं अवघड आहे.

एवढं लवचीक घर एका बाबतीत मात्र पोलादी होतं. एफएचएच्या तपासनिसाला जसं विचित्र छप्पर चालत नव्हतं, तसा शेजारात ‘विजोड’ माणूसही चालत नव्हता. खात्याच्या नियमपुस्तिकेत वस्ती एकाच वंशाची राहावी म्हणून खरेदीखतात अटी घालण्याची शिफारस होती. छप्पर आणि शेजारी, दोन्हींसाठी तर्क एकच: पुढे विकताना किंमत पडता कामा नये. लेव्हिटटाउनच्या पहिल्या भाडेकरारांत कॉकेशियन वंशाबाहेरच्या कुणालाही घर वापरू द्यायचं नाही असं कलम होतं, नोकरचाकर तेवढे वगळून. लेव्हिट स्वतः ज्यू. अशा अटींचा अर्थ त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अशा अटी न्यायालयामार्फत बजावता येणार नाहीत असं म्हटलं, मग कलम कागदावरून गेलं, धोरण राहिलं. ऑगस्ट १९५७ मध्ये पेनसिल्व्हानियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा घराबाहेर दिवसेंदिवस जमाव दगड घेऊन उभा होता. न्यू जर्सीतल्या तिसऱ्या वसाहतीत दार उघडलं ते १९६० मध्ये, न्यायालयाने भाग पाडल्यावर.

यात आपण कुठे बसलो असतो? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांनी सर्वोच्च न्यायालयात हेच मांडलं होतं की उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत. न्यायालयाने शास्त्राचा तो मुद्दा बाजूला ठेवला आणि सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, भारतीय नव्हे. लेव्हिटच्या विक्री कचेरीत १९४७ साली पुण्या-मुंबईचा एखादा इंजिनिअर गेला असता तर त्याला वंशशास्त्र समजावत बसायची संधी मिळाली नसती. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर मराठी माणसं न्यू जर्सीत मोठ्या संख्येने आली, तेव्हा एडिसन आणि आसपासच्या गावांत याच पिढीची घरं जुनी होऊन विक्रीला येत होती. तिथल्या आपल्या घरांत ‘केप’, ‘रँच’, ‘कलोनिअल’ हे शब्द घर घेताना सहज तोंडी येतात.

अशी घरं आता नव्याने बांधली जात नाहीत. १९५० मध्ये अमेरिकेतलं नवं घर सरासरी ९८३ चौरस फुटांचं होतं. आज ते २,४०० च्या आसपास आहे. लोकांची हौस वाढली हे कारण अर्धंच. अनेक उपनगरांनी नंतर घराच्या किमान क्षेत्रफळाचे आणि किमान प्लॉटचे नियम केले, आणि ते पाळायचे तर लेव्हिटचं ७५० फुटी घर तिथे बेकायदा ठरेल. १९३६ मध्ये कागदाने ज्याला जन्म दिला, त्याला पुढच्या कागदांनी बंदी घातली. म्हणून अमेरिकेत तरुण जोडप्याला परवडणारं घर का मिळत नाही या चर्चेत वास्तुविशारदांना बोलावण्यात फारसा अर्थ नाही; नगरपालिकेच्या नियमपुस्तिकेपासून सुरुवात करावी.

आणि तिथल्या वाचकांना एक विनंती. १९४० च्या दशकातलं केप घेत असाल तर छप्पर, बॉयलर, लादीखालचे नळ तपासालच. त्यासोबत काउंटीच्या नोंदणी कचेरीतून घराचा मूळ दस्तही काढून वाचा. १९६८ च्या कायद्याने वंशाच्या अटी पूर्ण बेकायदा झाल्या, पण जुन्या दस्तांतली ती वाक्यं आपोआप पुसली गेली नाहीत. देशभरच्या हजारो खरेदीखतांत ती अजून तशीच आहेत.